डावा मेंदू, उजवा मेंदू आणि मानसिक आरोग्य : विषय चांगला, पाया कच्चा



शिक्षणशास्त्रात किंवा मानसशास्त्रात पीएच.डी. करायची म्हटलं की एक विषय हमखास पुढे येतो : ‘माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांची विचारशैली व मानसिक आरोग्य यांतील सहसंबंधाचा अभ्यास’. परळी वैजनाथला पेट पास झालेले मित्र सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा दाखवतात, त्यातही हा विषय असतो. विषय चांगलाच आहे. पण तो ज्या साधनांवर उभा करतात, ती साधने आपण तपासून घेत नाही. आज तेच करू.

१. मेंदूचा दाखला आला कुठून?

अशा अभ्यासात बहुतेक वेळा डी. वेंकटरमण यांची अध्ययन व विचारशैली चाचणी वापरतात. तिचं लघुरूप ‘सोलॅट’. अशा प्रश्नावल्यांची सुरुवात अमेरिकेत ई. पॉल टॉरन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात केली. विद्यार्थी विधानांवर खुणा करतो आणि त्यावरून तो ‘डाव्या गोलार्धाचा’, ‘उजव्या गोलार्धाचा’ की ‘एकात्मिक’ हे ठरवलं जातं.

या कल्पनेमागे रॉजर स्पेरी यांचं संशोधन सांगितलं जातं. त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं हे खरं. पण त्यांनी कोणाचा अभ्यास केला ते बघा. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून ज्यांच्या मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेने कापला होता, असे मोजके रुग्ण. त्यांच्यात दोन गोलार्धांची कामं वेगळी दिसली. नववीतल्या मुलाचा हा पट्टा शाबूत असतो. त्याचे दोन्ही गोलार्ध सतत एकमेकांशी बोलत असतात.

भाषेचं बरंचसं काम बहुतेकांच्या डाव्या गोलार्धात चालतं, हे सिद्ध आहे. पण त्यावरून ‘हा मुलगा डाव्या मेंदूचा’ असं म्हणता येत नाही. यूटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये ७ ते २९ वयाच्या १०११ व्यक्तींची मेंदूची छायाचित्रं तपासली. काही कामं एका बाजूला जास्त चालतात, हे त्यांना दिसलं. पण एखाद्या माणसाचा अख्खा डावा किंवा अख्खा उजवा मेंदू जास्त प्रबळ असतो, याचा पुरावा मिळाला नाही.

म्हणजे सोलॅट टाकाऊ आहे का? तसं नाही. विद्यार्थ्याला कशी कामं आवडतात, हे तो स्वतः सांगतो आणि चाचणी ते नोंदवते. निष्कर्षात तेवढंच लिहा. कागदावरच्या खुणांवरून गोलार्धांबद्दल विधान करू नका.

२. आकडे आपोआपच जुळतात तेव्हा

सोलॅटमध्ये ५० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक विधान निवडलं तर गुण डावीकडे किंवा उजवीकडे जातो, दोन्ही निवडली तर एकात्मिकमध्ये. म्हणजे एका रकान्यात गुण वाढला की दुसऱ्यात कमी होणारच. मग ‘डाव्या शैलीचा मानसिक आरोग्याशी धन सहसंबंध, उजव्या शैलीचा ऋण सहसंबंध’ असे दोन निष्कर्ष लिहिले जातात. पुष्कळदा तो एकच निष्कर्ष असतो, दोनदा मोजलेला.

दुसऱ्या बाजूची चाचणीही बघा. अरुणकुमार सिंह आणि अल्पना सेनगुप्ता यांची मानसिक आरोग्य चाचणी आपल्याकडे खूप वापरतात. तिचे सहा भाग आहेत : भावनिक स्थैर्य, समायोजन, स्वायत्तता, सुरक्षितता-असुरक्षितता, आत्मसंकल्पना आणि बुद्धिमत्ता. सहावा भाग पुन्हा वाचा. एकूण गुणांत बुद्धिमत्ता धरलेली असेल, तर तर्कशुद्ध विचार करणाऱ्या मुलाचं ‘मानसिक आरोग्य’ जास्त दिसेलच. यात नवीन काय सापडलं? एकूण बेरीज न घेता सहा भाग वेगवेगळे तपासा. मग संबंध नेमका कुठे आहे ते कळेल.

आणखी एक गोष्ट. ४०० विद्यार्थ्यांचा नमुना असेल तर ०.१० इतका सहसंबंधही ०.०५ स्तरावर सार्थक ठरतो. त्याचा वर्ग करा : ०.०१. म्हणजे मानसिक आरोग्यातील फरकांपैकी फक्त १ टक्का फरक विचारशैलीशी जुळतो. उरलेल्या ९९ टक्क्यांचं काय? शून्य परिकल्पनेचा त्याग केला, एवढ्यावर प्रकरण संपवू नका.

३. परळीतला विद्यार्थी या अभ्यासात दिसतो का?

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळा लागता लागता परततात. काही मुलं सोबत जातात. काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. काही मुलींची लग्नं लवकर उरकली जातात. दुसरीकडे, दहावीनंतर लातूरला नीटच्या क्लाससाठी जाणारी मुलं आहेत. त्यांच्यावरचा ताण वेगळा.

आता तुमच्या माहितीपत्रकात काय असतं? लिंग, ग्रामीण-शहरी, शाळेचं माध्यम. ‘आईवडील सध्या घरी आहेत का?’ हा प्रश्न नसतो. शिवाय चाचणी जानेवारीत घेतली, तर स्थलांतर केलेली मुलं वर्गातच नसतात. ज्यांची स्थिती सर्वांत नाजूक, तीच नमुन्यातून गळतात आणि उरलेल्यांवरून आपण ‘बीड जिल्ह्यातील विद्यार्थी’ म्हणून निष्कर्ष काढतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मधला ७.३ टक्के हा आकडा तुम्ही प्रस्तावनेत लिहिता. १३ ते १७ वयोगटातल्या मानसिक विकारांचं हे प्रमाण आहे. पण त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या भागातल्या नीट केलेल्या लहान अभ्यासालाही मोठी किंमत आहे.

मेंदूविज्ञान घ्यायचंच असेल तर ते इथे उपयोगी पडतं. निर्णय आणि आवर यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. त्या वर्षांत घरी आधार आहे की नाही, याने फरक पडतो. ‘उजव्या मेंदूचा’ हे लेबल लावल्याने हा प्रश्न झाकला जातो.

४. सिनॉप्सिस जमा करण्याआधी स्वतःला विचारा

• माझी चाचणी नेमकं काय मोजते? तिच्या नावावर जाऊ नका, प्रश्न वाचा.
• दोन्ही चाचण्यांत एकच गोष्ट दोनदा मोजली जाते का?
• मराठी अनुवादाची विश्वसनीयता मी इथल्या मुलांवर तपासली का?
• गोलार्धांचा दावा न करणारी मांडणी चालेल का? रॉबर्ट स्टर्नबर्ग यांचा विचारशैली सिद्धान्त वाचून बघा.
• माहिती कोणत्या महिन्यात गोळा करणार, आणि तेव्हा वर्गात कोण नसेल?

शेवटचा मुद्दा परिकल्पनेइतकाच महत्त्वाचा. उत्तरपत्रिकेत एखाद्या मुलीने फार निराशा व्यक्त केली, तर तुम्ही काय करणार? गुण मोजून कागद फाइलला लावून चालणार नाही. कोणाला कळवायचं, हे मुख्याध्यापकांशी बोलून आधीच ठरवा. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक सर्व विद्यार्थ्यांना द्या. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय परळीहून जवळच आहे, तिथल्या मनोविकार विभागाशी चाचणीआधीच बोलून ठेवा. ही व्यवस्था कशी केली, ते संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एका परिच्छेदात लिहा. गाईडने विचारलं नसलं तरी लिहा.