शर्यतीच्या मोटारीची लांबी : एका प्रचलित मताची परीक्षा

मोटार जितकी लांब तितकी ती वळणावर मंद, हे विधान शर्यतींच्या चर्चेत इतक्या सहजपणे केले जाते की त्यास सिद्धान्ताचीच प्रतिष्ठा लाभली आहे. फॉर्म्युला वनचा २०१७ सालचा हंगाम या मताची परीक्षा घेण्यास विशेष सोयीचा ठरतो.

त्या वर्षी नव्या नियमांनी गाडीची रुंदी १८०० वरून २००० मिलिमीटरपर्यंत वाढविली; व्हीलबेस, म्हणजे पुढील व मागील आसांमधील अंतर, मात्र रचनाकारांच्या मर्जीवर सोडले होते. मर्सिडीजने ते सुमारे ३७६० मिलिमीटर ठेवले, तर फेरारीने सुमारे ३५९४. लांबीमुळे गाडीच्या तळाचे क्षेत्रफळ वाढते आणि पुढच्या चाकांमागे विस्कटलेली हवा बाजूस वळविण्यास अधिक जागा मिळते. याची किंमत म्हणजे वाढलेले वजन व वळण्यातील जडपणा. हवेचा अधोगामी दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, वजन मात्र कोणत्याही वेगास तेवढेच राहते. म्हणून लांबीचा लाभ जलद वळणांवर मोठा, तर मंद वळणांवर अल्प होय.

पात्रता-फेऱ्यांचे निकाल या विवेचनाशी जुळतात. मोनॅको, हंगेरी व सिंगापूर या मंद मार्गांवर पहिले स्थान फेरारीने पटकाविले. सिल्व्हरस्टोन, स्पा व मोंझा येथे ते मर्सिडीजच्या हॅमिल्टनने मिळविले. सिंगापूरची शर्यत हॅमिल्टननेच जिंकली खरी. परंतु प्रारंभीच्या टकरीत फेरारीच्या दोन्ही गाड्या बाद झाल्या होत्या. तेव्हा रचनेचा गुणदोष जोखताना शर्यतीच्या निकालापेक्षा पात्रता-फेरीचा पुरावा अधिक ग्राह्य मानावा लागतो.

तथापि हा पुरावाही निर्णायक नव्हे. मोंझा व स्पा येथे इंजिनाच्या शक्तीलाही मोठे मोल असते. शिवाय फेरारीची गाडी मागील बाजूने अधिक उचललेली असे. या कारणांपासून व्हीलबेसचा परिणाम वेगळा काढता येत नाही. फेरारीने २०१८ च्या गाडीचा व्हीलबेस वाढविला, ही गोष्टही आखूड गाडीच्या सरसकट गौरवास छेद देणारी आहे.

पुढे नियमांनीच ही मोकळीक आवळली : २०२२ पासून कमाल मर्यादा ३६०० मिलिमीटर, तर २०२६ पासून ३४००. परंतु मर्यादेमुळे प्रश्न मिटला नाही. त्याने केवळ जागा बदलली. ठरावीक लांबीत चालकाचे आसन कोठे असावे, हा वाद उरलाच. ते पुढच्या चाकांच्या फार निकट असल्याची तक्रार हॅमिल्टनने २०२३ मध्ये केली आणि मर्सिडीजने २०२४ च्या गाडीत ते मागे नेले.

सारांश, लांबी हा स्वतः गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. कोणत्या वेगास दाब हवा आणि त्यासाठी किती वजन सोसावयाचे, या निवडीचे ते दृश्य रूप होय. ही निवड तपासल्याविना केवळ मापावरून दिलेला निर्णय टीका या नावास पात्र ठरत नाही.