हॉरेसची ‘क्लिओपात्रा ओड’ : स्तुतिकाव्याच्या व्याख्येचा पुनर्विचार

प्रस्तावना :
ओड म्हणजे उदात्त विषयावरील, कोणाला तरी उद्देशून रचलेली दीर्घ स्तुतिपर कविता, अशी व्याख्या वर्गात सर्रास सांगितली जाते. रोमन कवी हॉरेस (इ.स.पू. ६५ ते ८) याच्या रचनांना ती कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
ग्रीक परंपरेत ओडचे दोन प्रमुख प्रवाह दिसतात. पिंडरच्या क्रीडाविजयांवरील रचना प्रामुख्याने वृंदगानासाठी होत्या व विजेत्याचा गौरव हे त्यांचे प्रयोजन होते. लेस्बॉस बेटावरील सॅफो व अल्कीअस यांचे काव्य मुख्यतः एकल गायनाचे होय. हॉरेसने प्रामुख्याने हा दुसरा प्रवाह लॅटिनमध्ये आणला. पिंडरशी स्पर्धा करणाऱ्याची गत इकॅरससारखी होते, असे तो चौथ्या खंडात बजावतो.

पहिल्या खंडातील ३७ वी ओड या दृष्टीने महत्त्वाची आहे. इ.स.पू. ३१ मध्ये ॲक्टियमचे युद्ध झाले व पुढील वर्षी क्लिओपात्राने मृत्यू पत्करला. जुलमी शासक मिर्सिलसच्या मृत्यूवर अल्कीअसने रचलेल्या मद्यपानगीताच्या धर्तीवर ही ओड सुरू होते. प्रारंभी राणी उन्मत्त आहे. पुढे ससाण्यापुढील कबुतराप्रमाणे ती पळते. ३२ ओळींपैकी अखेरच्या १२ ओळींत मात्र हे चित्र पालटते. ती तलवारीला भीत नाही, ढासळलेला राजवाडा शांत मुद्रेने पाहते आणि सर्पदंश स्वीकारते. विशेष म्हणजे कवितेत तिचे नाव कोठेही येत नाही.

शत्रू थोर दाखविल्याने विजेत्याचाच गौरव वाढतो, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. परंतु तो पुरेसा नाही. कवितेचा अखेरचा शब्द ‘विजययात्रा’ या अर्थाचा आहे, आणि त्या यात्रेत बंदिवान म्हणून चालण्यास राणीने नकार दिला आहे. इ.स.पू. २९ मध्ये विजेत्याला तिची केवळ प्रतिमा मिरवावी लागली. ऑक्टेव्हियनच्या हाती साम्राज्य आले. कवितेचा शेवट मात्र राणीच्या वाट्याला आला.

निष्कर्ष :
स्तुती हा ओडचा प्रारंभबिंदू असू शकतो. तिचे सामर्थ्य मात्र स्तुतीला मिळणाऱ्या वळणात असते. म्हणून ओड शिकविताना प्रचलित व्याख्येपाशी न थांबता, कवितेत हे वळण कोठे येते याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे.