वेग वाढला, पण कशाने?

ब्राउझर मंदावला, की ‘स्पीडीफॉक्स’ हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम सुचवला जातो. फायरफॉक्स, क्रोम, थंडरबर्ड यांच्या फाइली तो एका बटणासरशी आवरून देतो. ब्राउझर उघडण्याचा वेग त्यामुळे तिपटीपर्यंत वाढू शकतो, असा त्याच्या कर्त्यांचा दावा आहे. शाळेतील जुने संगणक सांभाळणाऱ्या शिक्षकांनी हा दावा तपासून घ्यायला हवा.

यामागील तत्त्व खरे आहे. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून फायरफॉक्स पाहिलेल्या पानांची नोंद ‘एस्क्यूलाइट’ पद्धतीच्या फाइलीत ठेवतो. बदलापूरच्या ‘ग्रंथसखा’सारखे भरगच्च वाचनालय डोळ्यांपुढे आणा. काही पुस्तके काढली तरी कपाट लहान होत नाही. फटी तेवढ्या उरतात. नवी पुस्तके त्या फटींत बसवत गेलो, तर एका विषयाची पुस्तके चार कपाटांत विखुरतात. या फाइलीचेही तसेच होते. ‘व्हॅक्यूम’ ही आज्ञा सर्व नोंदी नव्या फाइलीत ओळीने लावते आणि रिकामी जागा मोकळी करते. एकही चालू नोंद पुसली जात नाही. ‘क्लीनर’ म्हणवणारी इतर साधने मात्र इतिहास आणि कुकी पुसतात. हा फरक ध्यानात ठेवावा.

या आवराआवरीचा लाभ फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर अधिक, कारण विखुरलेली माहिती गोळा करताना तिच्या वाचकाला इकडेतिकडे धावावे लागते. एसएसडीवर हा लाभ थोडाच. शिवाय फायरफॉक्स हे काम मोकळ्या वेळात अधूनमधून स्वतःच करतो. आणि अपुरी मेमरी, ढीगभर एक्स्टेन्शन किंवा जड पाने यांमुळे आलेला मंदपणा व्हॅक्यूमने हटत नाही.

खरी उणीव दावा पडताळण्याच्या पद्धतीत आहे. साधन चालवून ब्राउझर पुन्हा उघडला, तर तो झटकन उघडतो आणि आपण प्रभावित होतो. पण एकदा वाचलेल्या फाइली संगणक मेमरीत धरून ठेवतो. त्यामुळे दुसऱ्यांदा उघडलेला ब्राउझर साधन न वापरताही लवकर उघडतो! श्रेय भलत्यालाच मिळते.

हा प्रयोग आठवी-नववीच्या मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. सारखे दोन संगणक निवडा. ब्राउझर बंद करून एकावर साधन चालवा. दुसरा तसाच ठेवा. प्रत्येक वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करा आणि ब्राउझर उघडायला लागणारा वेळ घड्याळाने मोजा. साधन चालवण्यापूर्वी पाच आणि नंतर पाच नोंदी दोन्ही संगणकांवर घ्या. दोहोंच्या बदलांतील फरक तेवढाच साधनाच्या खाती जमा करा.

साधन निरुपयोगी नाही. जाहिरात मात्र मोजमापाच्या पुढे धावते. जुना संगणक भंगारात काढावा की त्याची मेमरी वाढवावी, हेही अशा मोजणीनंतरच ठरवणे शहाणपणाचे.