मतला हुकतो तेव्हा

सुरेश भटांच्या गझलांची मैफल होती. हॉल नागपुरातलाच, पण नाव सांगत नाही. माझी ताई व्हीलचेअर वापरते. ऑनलाइन तिकीट काढताना रांग, सीट, पार्किंग, सगळं विचारलं गेलं. तुम्ही आत कशा येणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

दारापर्यंत सात पायऱ्या. रॅम्प होता, पण मागच्या बाजूला, जनरेटरशेजारी, आणि तिथल्या दाराला कुलूप. चावी आणायला गेलेला माणूस परतेना. शेवटी एक स्वयंसेवक म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ, चौघं मिळून उचलतो नं तुम्हाला!" पोरगा मनापासून बोलत होता. ताई म्हणाली, "दादा, मी गझल ऐकायला आलीय, पालखीत बसायला नाही."

कुलूप उघडेपर्यंत पहिली गझल अर्ध्यावर आली होती.

तुम्ही म्हणाल, पाच-दहा मिनिटांनी काय बिघडतं? गझलेत बिघडतं. पहिला शेर म्हणजे मतला. त्याच्या दोन्ही ओळींत काफिया आणि रदीफ येतात आणि पुढच्या प्रत्येक शेराची दुसरी ओळ कुठे जाऊन टेकणार, हे कानाला कळतं. गायिका त्या जागेशी येते तेव्हा सगळा हॉल रदीफ ओठांवर धरून थांबलेला असतो. मैफलीतली निम्मी मजा त्या थांबण्यात असते. मतला हुकला की आपण इतरांच्या मागून 'वाह' म्हणतो.

गाणं चांगलं झालं. गायिकेनं शब्द सुरांखाली दबू दिले नाहीत. हार्मोनियम थोडी वरचढ होती, तबला समजूतदार. एरवी माझं परीक्षण इथे संपलं असतं. पण ताईच्या वाट्याला आलेली मैफल वेगळी होती. तिची खुर्ची मधल्या वाटेत लावली होती. "जरा सरकता का?" असं तिला चारदा विचारलं गेलं. शेवटच्या गझलेला लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, तेव्हा तिला दिसली फक्त पुढच्या माणसाची पाठ.

गझला कुणाच्या होत्या, तेही आठवा. भटांचा जन्म १९३२ सालचा, अमरावतीचा. लहानपणी पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू राहिला. तरी मैफलींत ते आपल्या गझला स्वतः सादर करायचे. २००३ साली नागपुरातच ते गेले. रेशीमबागेतल्या महापालिकेच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. आम्ही गेलो तो हॉल हा नव्हे. पण त्या संध्याकाळी भट स्वतः श्रोते म्हणून आले असते, तर त्या सात पायऱ्या त्यांच्याही पुढ्यात होत्या.

हा मेहेरबानीचा मामला नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो, की लोकांच्या वापरातल्या जुन्या इमारती, सरकारी असोत की खासगी, नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम व्हायला हव्यात. नियम २०१७ मध्ये आले. मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बजावलं, की सुगमतेचे निकष नुसत्या सूचना म्हणून चालणार नाहीत, किमान काही तरी सक्तीचे हवेत. रॅम्पचं माप साधं आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सात पायऱ्या म्हणजे साधारण साडेतीन फूट, म्हणजे रॅम्प चाळीस फुटांच्या आसपास हवा. मागचा रॅम्प पाच-सहा ढांगांत संपत होता.

आपण परीक्षणात साउंड लिहितो, लाइट लिहितो, कधी चहासुद्धा लिहितो. दारापासून खुर्चीपर्यंतची वाट लिहीत नाही, कारण ती आपल्याला लागतच नाही. मग अर्ध्या वाटेतून परत गेलेला श्रोता कुठल्याच परीक्षणात येत नाही. 'हाउसफुल्ल' लिहिताना निदान एकदा तरी विचारावं, कोण नव्हतं?

ताई पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. तिकिटाआधी तिनं त्या हॉलला फोन लावला. रॅम्प आहे का, हे विचारलंच नाही. तिनं विचारलं, "चावी कुणाकडे असते?"