भूमिकेचा धनी कोण?

नटांच्या आत्मवृत्तांना मराठी वाङ्मयात आता तोटा राहिलेला नाही. दुर्गाबाई खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे', हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका', डॉ. श्रीराम लागू यांचे 'लमाण' ही पुस्तके, ज्या घरांत कथाकादंबऱ्यांस फारसा थारा मिळत नाही त्या घरांतही आवडीने वाचली जातात. अशी पुस्तके आणि मुलाखती वाचीत असता एक गोष्ट आमच्या ध्यानात वारंवार आली. ज्या भूमिकेने नट लोकांच्या मनात घर करून बसला, तिच्याविषयी बोलताना त्याच्या स्वरात अभिमानाबरोबर बहुधा एक कुरकुरही असते. भूमिका त्याने केली खरी. परंतु पुढे ती त्याची राहिली नाही. लोकांनी ती आपलीशी करून घेतली आणि उलट त्यालाच तिच्या नावे करून टाकले, अशी ती कुरकुर होय.

विष्णुपंत पागनीस तरुणपणी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. 1936 साली प्रभातच्या 'संत तुकाराम' बोलपटात ते तुकाराम झाले, आणि त्यानंतर लोक त्यांच्या पाया पडू लागले. निळू फुले यांच्या वाट्यास याच्या अगदी उलट फळ आले. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेला हा सालस मनुष्य 'एक गाव बारा भानगडी' (1968) या चित्रपटापासून पडद्यावर जो दिसू लागला, तो लवकरच गावोगावच्या बायाबापड्यांच्या शिव्याशापांचा धनी झाला. 'सामना' चित्रपटातील त्यांचा हिंदुराव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. ती भीती म्हणजे आपल्या कामाची पावतीच, असे मानून ते स्वतः हसत. मराठी चित्रपटातील पाटील मात्र त्या एका माणसाच्या नजरेत आणि घोगऱ्या आवाजात कायमचा बंदिस्त झाला. खऱ्या पाटलांनी त्याबद्दल तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्यांतील कित्येकांना ती स्तुतीच वाटली असावी.

नटाने भूमिकेशी एकरूप व्हावे की तिच्यापासून अलिप्त राहावे, हा प्रश्न जुनाच आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो याने अठराव्या शतकात असे प्रतिपादिले की थोर नट स्वतः काहीच अनुभवीत नाही, तो फक्त अनुभवाची चिन्हे बिनचूक दाखवितो. त्याच्या कितीतरी शतके आधी अभिनवगुप्ताने नटाला पात्र का म्हणतात ते सांगताना मद्याच्या पेल्याचा दाखला दिला आहे. मद्याची चव पिणाऱ्याला. पेल्याला ती कोठून असणार? ही उपपत्ती आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकविली आणि ती आम्हांस अजूनही मोलाची वाटते. परंतु तिचा विचार करणाऱ्यांनी एका शक्यतेकडे पाहिलेले दिसत नाही: पेला ज्या मातीचा, तीच माती त्यातील रसातही उतरलेली असली तर काय?

हा प्रश्न आमच्यासमोर नागपूरच्या एका गृहस्थांनी उभा केला. वीरा साथीदार हे आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. चैतन्य ताम्हाणे या विशीतल्या दिग्दर्शकाने 'कोर्ट' या चित्रपटात त्यांना नारायण कांबळे या उतारवयातील लोकशाहिराची भूमिका दिली. 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. पुढल्या वर्षी तो सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. कथा अशी: गटारात उतरून काम करणारा एक मजूर मरतो, नारायण कांबळेने आपल्या गाण्यातून त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप ठेवून शाहिराला भर कार्यक्रमात अटक होते. मग तारखांमागून तारखा पडतात. तो जामिनावर सुटतो आणि दुसऱ्या कायद्याखाली पुन्हा पकडला जातो. शेवटी न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते, दिवे मालवतात, आणि पडद्यावर कितीतरी वेळ काळोख राहतो.

चित्रपट आल्यावर आमच्या परिचयातील सुशिक्षित मंडळींनी साथीदारांची जी स्तुती केली, ती आम्हांस मुळीच रुचली नाही. "तो गृहस्थ स्वतःचेच काम करीत होता, किती नैसर्गिक!" असा तिचा मासला. वरवर गोड दिसणारे हे वाक्य त्या माणसाच्या हातून कारागिरी हिरावून घेते. आपल्या लोकांसमोर व्यासपीठावर उभे राहून गर्जणे वेगळे, आणि कॅमेऱ्यापुढे तोच आवेश मागितला जाईल तेव्हा, मागितला जाईल तितकाच आणि तितक्याच वेळा आणणे वेगळे. शिवाय या भूमिकेचा कस गाण्यांत नाहीच. तो आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. तेथे नारायण कांबळे जवळजवळ काही बोलत नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर देतो आणि उभा राहतो. ज्याचे सारे आयुष्य बोलण्यात गेले त्या वक्त्याने हे मौन किती संयमाने सांभाळले आहे! त्या उभे राहण्यात रागाचे प्रदर्शन नाही, की दीनवाणेपणाही नाही. अशी न्यायालये आपण पाहिली आहेत व यापुढेही पाहावयाची आहेत, एवढीच जाण आहे. यास अभिनय म्हणावयाचे नाही तर कशास?

आणि एक गोष्ट विचारावीशी वाटते. सदाशिव पेठेतील नटाने सदाशिव पेठेतील गृहस्थाची भूमिका उत्तम वठविली, तर त्याला कोणी "तू स्वतःचेच काम केलेस" असे म्हणते काय? त्याच्या बाबतीत आपण निरीक्षण, संयम, वाचिक अभिनय असे शब्द काढतो. नैसर्गिकतेचे प्रशस्तिपत्र आपण राखून ठेविले आहे ते वस्तीतून आलेल्या नटासाठी.

याच चित्रपटात मृत मजुराची विधवा साक्षीस येते. नवरा गटाराच्या भोकात झुरळ दिसते का ते आधी पाही. दिसले तर आत हवा आहे असे समजून उतरे, असे ती सांगते. हे ती दुधाचा हिशेब द्यावा तशा सपाट स्वरात सांगते, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. ती भूमिका करणाऱ्या स्त्रीचा स्वतःचा पतीही हेच काम करीत असता वारला होता. येथे दिदरोची उपपत्ती लावून पाहण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

मात्र 'कोर्ट' हा केवळ दलितांचे चित्रण करणारा चित्रपट, असे मानून जे घरी गेले, त्यांनी तो निम्माच पाहिला असे आम्ही म्हणू. त्यात आमचे आणि आपले, म्हणजे हे मासिक ज्या घरांत जाते त्या घरांचेही चित्र आहे. गीतांजली कुलकर्णी यांनी उभी केलेली सरकारी वकील दुष्ट नाही. दिवसभर जुन्या कायद्यांची कलमे ती एकसुरात वाचते. मग लोकलने घरी येते, वाटेत मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. सुटीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. त्या नाटकात परप्रांतीयाला हाकलून देतात आणि सारे सभागृह खदखदा हसते. कुलकर्णी नाट्यविद्यालयात शिकलेल्या अभिनेत्री. साथीदार चळवळीत शिकलेले. दोघे एका चौकटीत येतात तेव्हा कोणाचे शिक्षण कोठले हे ओळखू येत नाही, यात दिग्दर्शकाचे मोठेच यश आहे. पण चित्रपटगृहातून बाहेर पडताना कांबळेविषयी हळहळणारे पुष्कळ भेटले. ती वकीलबाई आपल्याच घरातली आहे असे म्हणणारे एकही माणूस आम्हांस भेटले नाही.

प्रतिनिधित्वाच्या वादात, ज्याची व्यथा त्यानेच ती पडद्यावर मांडावी, असा एक पक्ष आहे. तो आम्हांस पुरता मान्य होत नाही. तसे झाले तर निळूभाऊंना पाटील करता आला नसता. दुसऱ्याच्या कातडीत शिरण्याची मुभा हाच नटाच्या कलेचा प्राण आहे. आमची हरकत इतकीच, की ही मुभा आजवर एकाच बाजूला मिळाली. वरच्यांनी खालच्यांच्या भूमिका कराव्यात, ही तर रूढीच आहे. वस्तीतल्या मुलाने न्यायाधीश व्हावे, ही गोष्ट कोणाला सुचतही नाही.

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (2022) या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. फुटबॉलच्या द्वारे नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना उभे करणारे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला आहे. पोरे खास नागपूरची घेतली आहेत, आणि त्यांच्या तोंडचे 'बे' कोणी शिकवून येत नाही. शिक्षक मात्र अमिताभ बच्चन. त्यांच्या नावावाचून हा चित्रपट उभा राहणे कठीण होते हे आम्ही समजू शकतो, आणि त्यांनी स्वतःला पुष्कळ आवरले आहे हेही खरे. तथापि ते चौकटीत येताच नजर पोरांवरून त्यांच्यावर सरकते. उत्तरार्धात अंकुश गेडामच्या खांद्यावर कथा आली, की चित्रपट मोकळा श्वास घेतो.

साथीदार 13 एप्रिल 2021 रोजी कोरोनाने वारले. 2025 च्या मे महिन्यात त्यांच्या स्मरणार्थ नागपुरात सभा झाली. तीत फैज अहमद फैज यांची एक नज्म गायिली गेली, आणि तेवढ्यावरून सीताबर्डी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. नारायण कांबळेची भूमिका साथीदारांनी सोडली असेल. ती त्यांना सोडावयास तयार नाही असे दिसते.

अंकुश गेडाम यास 2023 साली पदार्पणाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्याला एखाद्या दिग्दर्शकाने आता प्राध्यापकाची, डॉक्टरची अथवा त्या सरकारी वकीलबाईंच्या यजमानांची भूमिका द्यावी. ती तो कशी करतो, हे पाहण्यास आम्ही पहिल्या दिवशी तिकीट काढून जाऊ.