रेन यांचे ‘ग्रेट मॉडेल’: लाकूड काय सांगते, काय सांगत नाही

आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. त्यावर विटा ठेवल्या, पूल मोडला नाही, म्हणजे रचना बरोबर, असे आपण लगेच म्हणतो. हे म्हणणे कितपत टिकते, हे एका प्रसिद्ध लाकडी मॉडेलच्या आधारे तपासू.

१६६६ च्या आगीत लंडनचे जुने सेंट पॉल कॅथेड्रल निकामी झाले. नव्या इमारतीसाठी ख्रिस्तोफर रेन यांनी १६७३-७४ मध्ये मुख्यतः ओक लाकडाचे एक मॉडेल करवून घेतले. प्रमाण १:२५, लांबी सहा मीटरहून अधिक, उंची सुमारे चार मीटर. ते आजही कॅथेड्रलमध्ये जपलेले आहे.

त्याचा मोठा गुण असा, की ते आतूनही पाहता येते. घुमटाखाली उभे राहिल्यावर जागा कशी वाटेल, हे नकाशावरून राजाला किंवा धर्मगुरूंना कळले नसते. मॉडेलने ते दाखवले आणि धर्मगुरूंनी आराखडा नाकारला. परंपरेतल्या लांबट क्रुसाच्या आकारापासून तो त्यांना फार दूर वाटला. माझ्या मते हे मॉडेलचे अपयश नव्हे. एकही दगड बसण्याआधी नापसंती कळली, हेच त्याचे यश.

आता मर्यादा पाहू. हा घुमट दगड-विटांचा केला तर उभा राहील का? याचे उत्तर मॉडेल देत नाही. एखादी रचना तेच साहित्य वापरून सर्व बाजूंनी २५ पट लहान केली, तर वजन १५,६२५ पटींनी घटते, पण छेदाचे क्षेत्रफळ ६२५ पटींनीच. म्हणजे स्वतःच्या वजनामुळे येणारा स्ट्रेस २५ पट कमी होतो. आकार वाढला की बळ त्याच प्रमाणात वाढत नाही, हे गॅलिलिओ यांनी १६३८ मध्येच मांडले होते. शिवाय लाकूड ओढ सहन करते. दगड-विटांचे बांधकाम ती फारशी सहन करत नाही. त्यामुळे घुमटाचा पाया बाहेर ढकलला जाण्याचा धोका लाकडी मॉडेलमध्ये दिसतच नाही.

प्रत्यक्षात बांधलेला घुमट निराळा आहे: आत विटांचा घुमट, त्यावर दगडी शिखर पेलणारा विटांचा शंकू, बाहेर शिशाने मढवलेला लाकडी घुमट आणि पायाशी लोखंडी साखळी. ही उकल ‘ग्रेट मॉडेल’मध्ये शोधू नका. ते डोळ्यांसाठी केले होते, भारासाठी नव्हे.

तुमच्या काड्यांच्या पुलालाही हेच लागू आहे. त्याचे स्वतःचे वजन नगण्य असते. मोठ्या पुलाला मात्र आधी स्वतःलाच पेलावे लागते. म्हणून पहिली काडी कापण्यापूर्वी वहीत एक ओळ लिहा: हे मॉडेल कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे? त्याच प्रश्नापुरता त्याच्यावर विश्वास ठेवा.