१ लाख ८८ हजार की १३ लाख?

२०१० या एकाच वर्षाचे अमेरिकेत दोन सरकारी आकडे आहेत. गुन्ह्यांचं घरोघरी होणारं सर्वेक्षण, म्हणजे एनसीव्हीएस, बलात्कार आणि लैंगिक हल्ल्याच्या सुमारे १ लाख ८८ हजार घटना सांगतं. सीडीसी या आरोग्य संस्थेचं फोनवरचं सर्वेक्षण सांगतं की त्या वर्षभरात सुमारे १३ लाख स्त्रियांवर बलात्कार झाला किंवा तसा प्रयत्न झाला. एकात घटना मोजल्यात, दुसऱ्यात माणसं. एकात बारा वर्षांपासूनचे सगळे, दुसऱ्यात प्रौढ स्त्रिया. पण एवढ्याने फरक भरून निघत नाही.

तो का पडतो, हे नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीने २०१४ च्या 'एस्टिमेटिंग द इन्सिडन्स ऑफ रेप अँड सेक्शुअल असॉल्ट' या अहवालात उलगडलंय. समितीच्या मते एनसीव्हीएस बहुधा कमी मोजतं. १९९२ पर्यंत तर त्यात बलात्काराबद्दल थेट प्रश्नच नव्हता! आजही सगळी मुलाखत 'गुन्हा' या चौकटीत चालते. ओळखीच्या माणसाने केलेली जबरदस्ती अनेकींना त्या चौकटीत आठवतच नाही.

मला सगळ्यात पटलेला मुद्दा एकांताचा. एनसीव्हीएस घरातल्या बारा वर्षांवरच्या प्रत्येकाची मुलाखत घेतं. म्हणजे ज्याने केलं तो घरातलाच असेल, तर हिला काय विचारणार हे त्याला आधीच माहीत असतं. सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा. अशा वेळी 'नाही' या उत्तराचा अर्थ काय लावायचा?

समितीचा उपाय: वेगळं सर्वेक्षण, आणि हेडफोनवर प्रश्न ऐकून उत्तर स्वतःच संगणकात भरायची सोय. समितीने प्रश्नांच्या शब्दांवरही बोट ठेवलंय. 'बलात्कार झाला का' असं नाव न घेता नेमकी कृती विचारणं बरं.

इथपर्यंत ठीक. पण आपल्याकडे सेमिनारमध्ये यातून एक सोपी समजूत निघते, ती म्हणजे मोठा आकडा तोच खरा. सीडीसीचा नशेबद्दलचा प्रश्न बघा. प्यायलेली, नशेत, औषध दिलेली किंवा शुद्ध हरपलेली, 'आणि संमती देऊ न शकणारी' अशी यादी त्यात आहे. हे शेवटचं विशेषण सगळ्यांना लागतं की फक्त शुद्ध हरपलेलीला? ऐकणारीने ठरवायचं, तेही फोनवर. कृतीचं वर्णन केलं की मोजमाप आपोआप अचूक होत नाही.

शब्दांचा धडा मी स्वतः पायलटमध्ये शिकले. प्रश्नावलीत ऐटीत 'लैंगिक अत्याचार' लिहिलं होतं. एक ताई म्हणाल्या, "छे, तसलं काही नाही. नवऱ्याचं म्हणाल तर ते असतंच." मी 'नाही'वर खूण केली होती. (सासूबाई चहा घेऊन येऊन बसल्या, त्यामुळे पुढे विचारता आलं नाही. विचारायलाही नको होतं.)

आपलं एनएफएचएस, ज्याचं काम देवनारची आयआयपीएस पाहते, या दोन्ही बाबतींत एनसीव्हीएसच्या पुढे आहे. हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. कायदा नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला बलात्कार म्हणत नाही, म्हणून कृती विचारणं इथे जास्तच गरजेचं.

पण नवऱ्याबद्दल वेगवेगळ्या कृतींचे तीन प्रश्न आणि बाकी सगळ्या जगाबद्दल एकच मोघम प्रश्न! एनएफएचएस-५ मध्ये लैंगिक हिंसा सोसलेल्या विवाहित स्त्रियांपैकी ८२ टक्के सध्याच्या नवऱ्याचं नाव घेतात. नवरा यात मुख्य आहे याबद्दल मला शंका नाही. पण त्या ८२ मधला किती भाग वास्तवाचा आणि किती तीनास एक या मापाचा, हे त्या तक्त्यावरून सांगता येत नाही. तरी हा आकडा प्रबंधांच्या पहिल्या पानावर विनातळटीप येतो. तुमच्याही आला असेल, माझ्या आलाय.

नव्या प्रश्नावलीत मी नातेवाईक, शेजारी, कामावरचे, सगळ्यांबद्दल तेच तीन प्रश्न टाकलेत. मुलाखत लांबली आहे. गाईडना ते अजून पटलेलं नाही.